संगणक मोडीत काढण्याआधी

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीची नेहमीची मोफत देखभाल थांबवली. ज्या घरगुती ग्राहकांनी वेगळी नोंदणी केली त्यांना सुरक्षेपुरती आणखी एका वर्षाची मुदत मिळाली, एवढेच. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखाच सुरू झाला. पण प्रणालीत नवी भोके सापडली तर त्यांना ठिगळ लावणारे आता कोणी नव्हते. मग पुढची विंडोज ११ का घालू नये? ती २०२१ साली आली तेव्हापासून तिच्या अटी ठरलेल्या आहेत : किमान चार जीबी रॅम, चौसष्ट जीबी साठवण, यंत्रात 'टीपीएम २.०' नावाची सुरक्षा-व्यवस्था आणि इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ नंतरचा प्रोसेसर. त्याआधीचा संगणक कितीही धडधाकट असो, कंपनीच्या लेखी तो वयोवृद्ध.

आपल्या खेडोपाडी नेमके असेच संगणक आहेत. शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईत माझ्या परिचयाचे एक शेतकरी कुटुंब आहे. त्यांनी २०१२ च्या सुमारास मोठ्या हौसेने एक संगणक घेतला. दोन जीबी रॅम, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क. कांद्याच्या पट्ट्या, उसाची बिले, घरातल्या ताईंच्या बचत गटाची नोंदवही, मुलीचे शाळेचे प्रकल्प असे सगळे त्यात. पुढे तो इतका मंदावला की बटण दाबून चहा टाकायला जावे आणि चहा पिऊन झाला तरी पडद्यावरचे चक्र फिरतच असावे. शेवटी त्यावर विणलेला रुमाल आला आणि रुमालावर फुलदाणी. दुरुस्तीवाल्याने सांगितले, "याच्यात आता काही राम नाही, मोडीत घाला, नवा घ्या." नवा म्हणजे तीस-चाळीस हजार. मुलगी दहावीत. प्रश्न साधा नव्हता.

अशा संगणकाला हलक्या वजनाची लिनक्स प्रणाली घालून पुन्हा रोजच्या कामाला जुंपता येते का, आणि कुठवर, हे आज सांगायचे आहे. येते, हे आधीच सांगून टाकतो. पण काही अडचणीही आहेत आणि त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

आधी यंत्र मंदावते म्हणजे काय होते ते पाहू. संगणकाचा प्रोसेसर म्हाताऱ्या बैलासारखा थकत नाही. बारा वर्षांपूर्वी तो एका सेकंदात जेवढ्या बेरजा करत होता तेवढ्याच आजही करतो. वाढते ते ओझे. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा समजा आणि हार्ड डिस्क म्हणजे मागची कोठीची खोली. ओटा मोठा असेल तर पीठ, भाजी, मसाल्याचा डबा सगळे हाताशी राहते. ओटा लहान आणि पदार्थ दहा, तर एक भांडे उचलून कोठीत ठेवायचे, दुसरे आणायचे, पुन्हा पहिले आणायचे. स्वयंपाक करणारी तीच, पण सगळा वेळ येरझाऱ्यांत जातो. संगणकावरचा लाल दिवा सारखा लुकलुकतो तेव्हा आत ह्याच येरझाऱ्या चाललेल्या असतात. नव्या प्रणाली, त्यांच्यामागे आपोआप चालणारी डझनभर कामे, विषाणूरोधक आज्ञावली, आपण कधी न मागितलेल्या बातम्या आणि हवामान, हे सगळे आधीच ओट्यावर येऊन बसते. आपल्या पोळीपाटाला जागाच उरत नाही.

ओट्यावर कमी पसारा मांडणारी प्रणाली म्हणजे हलकी प्रणाली. लिनक्सच्या जगात ती निवडता येते, कारण तिथे प्रणालीचे भाग सुटे असतात. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला. कोणालाही वापरता, तपासता, बदलता आणि वाटता येईल अशी संपूर्ण प्रणाली लिहायची, ही त्यामागची कल्पना. १९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने प्रणालीचा गाभा लिहून जगापुढे ठेवला. तोच लिनक्स. ह्या गाभ्याभोवती आपापल्या पसंतीच्या आज्ञावली बांधून निरनिराळ्या मंडळींनी जी तयार गाठोडी केली त्यांना 'डिस्ट्रिब्युशन' किंवा बोलीत 'डिस्ट्रो' म्हणतात. गोडा मसाला घरोघरी असतो, धणे आणि खोबरे सगळीकडे तेच, पण प्रत्येक घरचा मसाला निराळा. तसेच डेबियन, उबुंटू, मिंट, फेडोरा यांचे.

ह्या गाठोड्यातला कोणता भाग जड असतो? मुख्यतः 'डेस्कटॉप', म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या खिडक्या, चिन्हे, खालची पट्टी आणि त्यामागची सजावट. तो भाग बदलला की वजन उतरते. १९९६ पासून चालत आलेला 'एक्सएफसीई' आणि त्याहून सडपातळ 'एलएक्सक्यूटी' हे दोन हलके डेस्कटॉप आज सर्वांत वापरात आहेत. लिनक्स मिंटची एक आवृत्ती पहिला वापरते, लुबुंटू दुसरा. संगणक नुसता चालू करून ठेवला तर यांतली कोणतीही प्रणाली साधारण अर्धा ते एक जीबीच्या आत भागवते. त्याहून गरीब यंत्रासाठी 'अँटीएक्स' आहे, आणि ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कॉलर यांनी २००३ साली सुरू केलेली 'पपी' आहे. ही पपी सगळीच्या सगळी रॅममध्ये चढून बसते, त्यामुळे हार्ड डिस्क नसलेल्या संगणकावरही पेनड्राइव्हवरून चालते.

नवख्या घरासाठी माझे मत विचाराल तर एक्सएफसीई असलेली लिनक्स मिंट घ्यावी. ती सर्वांत हलकी नाही. पण विंडोजची सवय असलेल्या माणसाला डाव्या कोपऱ्यातली मेनूची कळ, खालची पट्टी, फायलींचे पिवळे-हिरवे कप्पे पाहून परके वाटत नाही, आणि दहावीतली मुलगी अर्ध्या तासात त्यावर रुळते. मिंटच्या २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत सुधारणा मिळत राहणार आहेत. मिंटवाले स्वतः किमान दोन जीबी रॅम सांगतात आणि चार जीबीची शिफारस करतात. एक जीबीचा संगणक असेल तर मात्र अँटीएक्स किंवा पपीकडे वळावे आणि अपेक्षाही त्या मानाने ठेवाव्यात.

हा काही परदेशी मंडळींचा छंद आहे असे कोणी समजू नये. लिनक्सशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. २००७ साली रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात खैराट इथल्या एकशिक्षकी शाळेत 'एक मूल, एक लॅपटॉप' ह्या जागतिक उपक्रमाचा भारतातला पहिला प्रयोग झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपमध्ये रॅम अवघी २५६ एमबी होती आणि साठवण एक जीबी. त्यावर चालत होते ते फेडोरा लिनक्सचेच एक सुटसुटीत रूप. त्याच वर्षी सी-डॅकने डेबियनवर आधारलेली 'बॉस' ही भारतीय प्रणाली आणली. केरळने तर आपल्या सरकारी शाळांत मुक्त प्रणाली त्याच दशकात रुजवली आणि ती तिथे आजही शिकवली जाते. पडद्यावर मराठी नीट उमटावी यासाठीही आपल्याकडे बरेच काम झाले. मुंबईत व्हीजेटीआयमधले प्रा. जितेंद्र शहा आणि त्यांचा इंडिकट्रान्स गट यांनी मुक्त प्रणालींच्या मराठीकरणाचे काम हाती घेतले. 'लोहित' नावाचे भारतीय लिप्यांचे मोफत टंक रेड हॅट कंपनीने २००४ च्या सुमारास खुले केले. त्यांच्या घडणीत आणि देखभालीत पुण्याचा मोठा वाटा आहे.

आणि शिरूर तालुक्याला तर याचे नवल वाटायचे कारणच नाही. ह्याच तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेल्या मुलांनी वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी हाताने करत शिकावे, ही तिथली रीत. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेच्या 'फॅब लॅब'च्या जाळ्यातली अगदी सुरुवातीची प्रयोगशाळा २००२ साली तिथेच उभी राहिली. मोटर बिघडली तर ती खोलून पाहणाऱ्या तालुक्यात संगणक तेवढा झाकून ठेवायचा, हे मला पटत नाही.

आता प्रत्यक्ष काम. पहिले काम प्रणालीचे नाहीच, माहितीचे आहे. फोटो, हिशेब, दाखल्यांच्या प्रती, मुलीचे प्रकल्प सगळे बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावे आणि तो पेनड्राइव्ह दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडून खात्री करावी. उतरवले असे वाटणे वेगळे आणि उतरलेले असणे वेगळे. पुढच्या पायऱ्यांत हार्ड डिस्क पुसली जाण्याची शक्यता असते, म्हणून इथे घाई नको.

दुसरे, यंत्र ३२ बिटचे की ६४ बिटचे ते पाहावे. विंडोजच्या सेटिंगमध्ये संगणकाच्या माहितीत 'एक्स६४' असे लिहिले असेल तर काही चिंता नाही. साधारण २००८ नंतरचे बहुतेक संगणक ६४ बिटचेच आहेत. काही छोटे नेटबुक तेवढे अपवाद. जुन्या ३२ बिट यंत्रांची वाट आता अरुंद होत चालली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये त्यांच्यासाठी प्रणाली बसवण्याची सोयच ठेवलेली नाही, आणि डेबियन हा कितीतरी डिस्ट्रोंचा पाया आहे.

तिसरे, आठ जीबीचा एक पेनड्राइव्ह घ्यावा. चांगल्या संगणकावर मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून प्रणालीची फाइल उतरवावी. ती तीन जीबीच्या आसपास असते. गावात नेटची रड असेल तर शिरूर-मंचरला जाणाऱ्या कोणाकडून उतरवून आणावी. ही फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही. 'रुफस' किंवा 'एचर' ह्या मोफत आज्ञावलीने ती 'लिहावी' लागते. पेनड्राइव्हवर आधी जे असेल ते त्यात जाते. मग तो जुन्या संगणकाला लावून बटण दाबायचे आणि कंपनीचे नाव पडद्यावर चमकते तेवढ्यात एफ१२, एफ९, एस्केप यांपैकी त्या यंत्राची जी कळ असेल ती दाबून पेनड्राइव्हवरून सुरू करायचे.

इथे लिनक्सची एक फार चांगली सोय आहे आणि तिचा पुरेपूर उपयोग करून घ्यावा. प्रणाली हार्ड डिस्कवर बसवण्याआधीच पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. तोवर जुन्या विंडोजला धक्काही लागत नाही. ही चाल २००० साली जर्मनीतल्या क्लाउस क्नॉपर यांनी 'नॉपिक्स' नावाच्या सीडीने लोकप्रिय केली. साडी घेण्याआधी उलगडून पाहतो तसे इथे सगळे उलगडून पाहावे. वायफाय दिसते का? आवाज येतो का? पडदा पूर्ण भरतो का? प्रिंटर लावला तर कागद निघतो का? मोबाइलचे नेट केबलने संगणकाला मिळते का? हे तासभर पाहावे आणि मगच पडद्यावरच्या 'इन्स्टॉल' चिन्हाकडे वळावे. पेनड्राइव्हवरून सगळे थोडे सावकाश चालते, त्यावरून वेगाचा निष्कर्ष काढू नये.

बसवताना एकच प्रश्न जपून वाचायचा असतो : संपूर्ण डिस्क पुसून बसवायचे की विंडोजच्या शेजारी? जागा असेल आणि विंडोजवर काही अडलेले काम असेल तर शेजारी बसवावे, सुरू करताना कोणती प्रणाली हवी ते निवडता येते. जुन्या डिस्कवर जागा थोडी असेल तर पुसून बसवणेच बरे. बाकी भाषा, वेळ, नाव, पासवर्ड हे प्रश्न सोपे आहेत. हा पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवावा. नवी आज्ञावली घालताना किंवा सुधारणा घेताना तो पुन्हा विचारला जातो. घरात मुले असतील तर त्यांचे वेगळे खाते काढून द्यावे, म्हणजे त्यांच्या हातून प्रणालीला इजा होत नाही.

कवठ्याच्या त्या घरात ताईंचा पहिला प्रश्न होता, "दादा, यात मराठी उमटेल का?" उमटते. टंक आधीच असतात. कळफलकाच्या सेटिंगमध्ये 'भारत' विभागात मराठी निवडायची आणि दोन कळा ठरवून घ्यायच्या, की त्या दाबल्यावर इंग्रजी-मराठी बदल होतो. इन्स्क्रिप्ट हा भारत सरकारने १९९१ साली प्रमाण ठरवलेला कळफलक शिकावा असे मी म्हणेन. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने, आणि डाव्या हाताच्या डी कळीवर पायमोडा. पंधरा दिवसांत बोटे बसतात आणि हीच मांडणी विंडोजवर चालते, फोनवरही मिळते. ज्यांना इंग्रजी उच्चाराप्रमाणे टंकायची सवय आहे त्यांच्यासाठी 'कगप' नावाची मांडणी त्याच यादीत आहे.

मराठीची खरी अडचण जुन्या कागदपत्रांत आहे. युनिकोड रुळण्याआधी आपल्याकडे निरनिराळ्या कंपन्यांचे टंक वापरून पत्रे टंकली जात. त्यांत 'क' च्या जागी संगणक मनात एखादे इंग्रजी चिन्ह ठेवतो आणि वर मराठी मुखवटा चढवतो. तो टंक नसलेल्या यंत्रावर मुखवटा गळून पडतो आणि बचत गटाचा ठराव अगम्य खुणांत दिसू लागतो. हा दोष लिनक्सचा नाही, नव्या विंडोजवरही तेच होईल. जुन्या यंत्रातली टंकाची फाइल जपून ठेवली तर पत्र पुन्हा वाचता येते. महत्त्वाचे कागद मात्र वेळीच युनिकोडमध्ये करून घ्यावेत किंवा निदान पीडीएफ करून ठेवावेत.

रोजच्या कामाची साधने मिंटमध्ये तयारच येतात. लिब्रेऑफिसमध्ये पत्र, तक्ता, सादरीकरण होते आणि वर्ड-एक्सेलच्या फायली उघडतात. मांडणी कधीकधी थोडी हलते. बाहेर पाठवायचा अर्ज पीडीएफ करून पाठवावा म्हणजे हा प्रश्नच येत नाही. फायरफॉक्समध्ये सातबारा, बँक, विद्यापीठाचे अर्ज सगळे चालते. ह्या संकेतस्थळांना खाली कोणती प्रणाली आहे याच्याशी सहसा देणेघेणे नसते.

आणि इथेच हलक्या प्रणालीची मर्यादा दिसते. आजच्या संगणकावर सर्वांत जड वस्तू प्रणाली नसते, ब्राउझर असतो. एकेक भरगच्च संकेतस्थळ काही शे एमबी रॅम खाऊन टाकते. प्रणाली कितीही सडपातळ घातली तरी दहा पाने एकदम उघडली की दोन जीबीचा संगणक पुन्हा येरझाऱ्या घालू लागतो. म्हणून ह्या विषयावर बोलणाऱ्यांनी डिस्ट्रोंच्या तुलनेत जेवढा वेळ घालवला आहे त्याचा निम्मा वेळ रॅमवर घालवावा असे मला वाटते. २०१२ च्या संगणकात बसणारी चार जीबीची जुनी रॅमची पट्टी शहरातल्या दुरुस्तीच्या दुकानात काही शे रुपयांत मिळते. त्यासोबत फिरत्या तबकडीऐवजी छोटी एसएसडी घातली तर यंत्र ओळखू येत नाही. कवठ्याच्या संगणकात पट्टी घातली, एसएसडी घातली आणि मिंट बसवली. तो आता मिनिटभराच्या आत कामाला लागतो. यातले श्रेय कोणाचे किती, हे प्रामाणिकपणे सांगायचे तर निम्म्याहून जास्त त्या एसएसडीचे आहे. पण विंडोज ११ ने त्याला तरीही दारात उभे केले नसते.

एक बारीक गोष्ट, पण तिने अनेकांना रडवले आहे. जुन्या संगणकाच्या आत रुपयाएवढी एक गोल बॅटरी असते, सीआर२०३२ नावाची. ती संपली की वीज गेल्यावर घड्याळ विसरते आणि तारीख दहा-पंधरा वर्षे मागे जाते. मग नेट चालू असूनही बँकेचे, सातबाराचे पान उघडत नाही, 'जोडणी सुरक्षित नाही' असा इशारा येतो. कारण संकेतस्थळांची ओळखपत्रे तारखेवर तपासली जातात, आणि तुमच्या संगणकाच्या मते ती अजून जन्मालाच आलेली नसतात. लोक प्रणालीला दोष देत बसतात. किरकोळ किमतीची बॅटरी बदलली की काम होते.

विजेचा प्रश्न आपल्याकडे विचारायलाच नको. मधेच वीज गेली तर लिनक्स बिघडेल का? प्रणालीच्या फायली ज्या पद्धतीने डिस्कवर ठेवल्या जातात तिला 'एक्स्ट४' म्हणतात. ती दुकानदाराच्या रोजकीर्दीसारखी एक वही ठेवते. काय बदल करायचा ते आधी रोजकीर्दीत टिपायचे, मग खतावणीत मांडायचे. मधेच दिवे गेले तर परत आल्यावर रोजकीर्द वाचून ताळा जुळवला जातो. त्यामुळे फायलींची रचना सहसा शाबूत राहते. तुम्ही टंकत असलेला आणि जतन न केलेला मजकूर मात्र जातोच, त्याला रोजकीर्द काय करणार. शक्य असेल तर छोटा यूपीएस लावावा.

आता जे चालत नाही ते. टॅली विंडोजसाठीच आहे. व्यापाऱ्याच्या किंवा सोसायटीच्या हिशेबाला ती लागत असेल तर त्या यंत्राला हात लावू नये. विंडोजच्या आज्ञावली लिनक्सवर चालवणारी 'वाइन' नावाची सोय आहे, पण पैशाच्या व्यवहाराचे काम तिच्या भरवशावर टाकू नये. ग्रामपंचायतीत किंवा ठेकेदाराकडे डिजिटल स्वाक्षरीची जी यूएसबी चावी असते तिचे गणित लिनक्सवर जमवता येते, पण खटपटीचे आहे. काही परीक्षांची देखरेख करणारी आज्ञावली फक्त विंडोजवरच चालते, तेव्हा मुलाची परीक्षा घरून असेल तर आधी अटी वाचाव्यात. प्रिंटरचेही नशीब कंपनीगणिक बदलते. एचपीचे बरेचसे प्रिंटर चालतात, कारण त्यांच्यासाठी मुक्त आज्ञावली वर्षानुवर्षे तयार आहे. पण गावोगावच्या झेरॉक्सच्या दुकानांत दिसणारे काही छोटे लेझर प्रिंटर फार छळतात. म्हणून मघाशी पेनड्राइव्हवरून आधी कागद काढून पाहायला सांगितले.

कोणी म्हणेल, आता सगळे फोनवर होते, हा खटाटोप कशाला? बरोबर आहे, ई-पीक पाहणी फोनवरच होते, पैसेही फोनवरच जातात. पण चार पानी अर्ज टंकायचा, वर्षभराच्या पट्ट्यांची बेरीज मारायची, दहावीचा प्रकल्प मांडायचा तर बोटभर पडद्यावर डोळे आणि मान दोन्ही जातात. शिवाय फोन एकाचा असतो आणि तो माणूस शेतावर गेला की त्याच्या खिशात जातो. घरातला संगणक घरातल्या सगळ्यांचा असतो. मला विचाराल तर मुलीच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

खर्चाचा हिशेब करताना लोक लिनक्स मोफत आहे म्हणून खूश होतात. पण गावोगावी दुरुस्तीवाले परवाना नसलेली विंडोज घालून देत आले आहेत, त्यामुळे ग्राहकाला विंडोजही जवळपास फुकटच वाटते. तिच्याबरोबर काय काय घरात येते ते त्याला कळत नाही, हा भाग वेगळा. लिनक्सची खरी किंमत पैशात नाही, माणसात आहे. अडले तर विचारायचे कोणाला? जवळच्या दुकानदाराला विंडोजच येते. म्हणून ज्या घरात ही प्रणाली घालाल तिथल्या एका माणसाला, शक्यतो तरुण माणसाला, चार गोष्टी हाताने करायला लावाव्यात : सुधारणा घेणे, नवी आज्ञावली घालणे, फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवणे आणि 'टाइमशिफ्ट'ने प्रणाली मागच्या चांगल्या अवस्थेला नेणे. हे टाइमशिफ्ट मिंटमध्ये असतेच. पहिल्याच दिवशी ते सुरू करून ठेवावे. ते प्रणालीची प्रत ठेवते, तुमच्या फोटोंची नाही, हेही सांगून ठेवतो. सुधारणा आठवड्यातून एकदा घेतल्या तरी पुरे. फोनच्या नेटवर दिवसाची मर्यादा असेल तर त्या रात्री, उरलेल्या डेटावर घ्याव्यात.

काही संगणक मात्र खरोखरच मोडीत काढण्याजोगे असतात. मदरबोर्डवरचे नळकांड्यासारखे सुटे भाग फुगून वर आलेले, हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येणारा, सुरू झाल्यावर पाच मिनिटांत आपोआप बंद पडणारा. धूळ झाडून, पंखा बदलूनही फरक पडला नाही तर त्यावर पैसे घालू नयेत. त्यातली रॅम आणि चालू डिस्क काढून ठेवावी, भावाच्या संगणकाला उपयोगी पडेल. उरलेला सांगाडा भंगारवाल्याच्या पोत्यात टाकू नये. २०२३ च्या एप्रिलपासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार तो नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे किंवा कंपनीच्या संकलन केंद्राकडे जायला हवा, कारण आतले शिसे उघड्यावर जाळले तर ते आपल्याच मातीत आणि पाण्यात उतरते. आणि डिस्क देणार असाल तर ती आधी पूर्ण पुसून घ्यावी. नुसत्या फायली काढून टाकल्या तर त्या परत मिळवता येतात, आणि तुमच्या आधार कार्डाची प्रत त्यातच कुठेतरी असते.